त्या ‘असो’च्या आधी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग इथे देते.

‘माझं वय ४३. हे वर्ष फार वाईट गेलं. मार्चमध्ये आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि सोळा वर्षांची नोकरी गेली. जूनमध्ये बाबांच्या आजाराचं निदान झालं. मी घरीच होते, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. नोव्हेंबरमध्ये बाबा गेले. शेवटचे नऊ दिवस ते कुणालाच ओळखत नव्हते, मलाही नाही.

बाबांना रात्री झोप लागायची नाही. दोन-दोन वाजता उठून बसायचे. मग मी कधी बोलत बसायचे, कधी त्यांची नखं कापायला घ्यायचे. एकदा सगळी कापून झाली असं समजून मी नेलकटर ठेवून दिला, तर हात तसाच पुढे धरून म्हणाले, “करंगळी राहिली.” असो.

डिसेंबरच्या अखेरीला आम्ही भावंडं जमलो होतो. धाकट्या बहिणीने सुचवलं की प्रत्येकाने सरत्या वर्षातला आपला एक आनंद सांगायचा. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं. भाचा म्हणाला, मावशीने मला सायकल शिकवली. माझी पाळी आली आणि डोकं एकदम रिकामं झालं. “माझ्याकडे काही नाही,” एवढं म्हणून मी आत निघून गेले. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. बारा महिन्यांत खरंच एकही आनंद नव्हता? आठवायला बसले की हॉस्पिटलच डोळ्यांपुढे येतं. आणि समजा सापडलाच, तर बाबा तिकडे झिजत असताना मी इकडे आनंदात होते, असा त्याचा अर्थ होईल ना? ते कसं सोसू?’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा एकाच शब्दापाशी अडले. ‘असो.’ आपल्याकडे पत्रात हा शब्द फार येतो. विषय संपला म्हणून येतो, तसा पुढे लिहवत नाही म्हणूनही येतो. तुमचा हा दुसरा असावा. त्याच्या आधीचं वाक्य पाहा: रात्रीचे दोन वाजलेत, एक थकलेला माणूस लहान मुलासारखा हात पुढे धरून बसलाय, आणि आपल्या लेकीला तिची चूक दाखवतोय. काहीच नसलेल्या वर्षातून असं वाक्य हाताशी येत नाही.

म्हणून ‘बघा, होता की नाही आनंद!’ असं म्हणून मी हे पत्र मिटणार नाही. त्या रात्रीला आनंद म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवायचं. ती दुःखाचीही रात्र होती. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात, तेव्हा ही रात्र तुमच्याजवळ होती. ती तेव्हा तुम्हाला का दिसली नाही, एवढंच आधी बघू या.

प्रश्न होता, ‘वर्षातला एक आनंद सांगा.’ ऐकायला सोपा, पण दुखावलेल्या मनाला फार अवघड. १९८६ साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांनी टोकाच्या निराशेतून गेलेल्या रुग्णांना काही शब्द दिले आणि प्रत्येक शब्दावरून आयुष्यातला एक नेमका प्रसंग आठवायला सांगितला. एका दिवशी, एका ठिकाणी घडलेला. या रुग्णांना नेमका प्रसंग सांगणं जड जात होतं. ‘आम्ही फिरायला जायचो तेव्हा’ अशी मोघम, अनेक दिवसांची मोट बांधलेली उत्तरं ते जास्त देत. निराशेत असलेल्या माणसांच्या बाबतीत हेच नंतरही पुष्कळदा दिसलं. आठवणी पुसलेल्या नसतात, पण मन वरवरच फिरत राहतं. एकेका प्रसंगात उतरलं तर लागेल, म्हणून बहुधा उतरत नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘हॉस्पिटलच डोळ्यांपुढे येतं.’ कुठला दिवस? कुठली खोली? कोण होतं तिथे? बहुतेक असं काही नाही, नुसतं हॉस्पिटल. पाच महिन्यांच्या सगळ्या फेऱ्या मिळून झालेला एकच राखाडी डाग. ‘वर्ष वाईट गेलं’ हाही तसाच डाग आहे. करंगळीची रात्र मात्र त्या डागात विरली नाही, कारण ती एकच रात्र आहे. तिला वेळ आहे, बाबांचा आवाज आहे, खाली ठेवलेला नेलकटर आहे. पत्र लिहिताना तुम्ही आनंद शोधत नव्हता, बाबांबद्दल सांगत होता, म्हणून ती आली. त्या दिवशी घरी तुम्ही आनंदाच्या मागे लागलात आणि डोकं कोरं पडलं. यात तुमच्या मनाचा कोरडेपणा मला कुठे दिसत नाही.

दुसरं, ते नऊ दिवस. त्यांच्याबद्दल जपून लिहायला हवं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली केलेला एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तितकाच गार, तितकाच वेळ, पण वर आणखी अर्धं मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात पाणी १५ अंशांपर्यंत किंचित कोमट केलं. नंतर विचारलं, पुन्हा करायचं तर यातलं कुठलं कराल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचं. कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. एखादा काळ आठवताना आपण त्याचे सगळे क्षण मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, यांवरच बहुतेक निकाल लागतो.

तुमच्या वर्षात हे दोन्ही एकाच ठिकाणी आले. शेवट नोव्हेंबरात झाला आणि सर्वांत तीव्र असंही तेच होतं. स्वतःच्या वडिलांनी ओळखू नये, याहून जिव्हारी लागणारं काय असतं? ते नऊ दिवस मागे पसरत गेले आणि त्यांनी आधीचे सगळे महिने झाकून टाकले. मी त्यांना लहान म्हणत नाही. ते होते तेवढेच मोठे राहू द्या. पण ते नऊ दिवस होते, आणि जून ते नोव्हेंबर या काळातल्या इतर दिवशी बाबा तुम्हाला ओळखत होते. करंगळी राहिली म्हणणारा माणूस पुरता शुद्धीवर होता.

आता तुमचा खरा प्रश्न. तो पत्राच्या अगदी शेवटी, दबकत आला आहे. आनंद सापडला तर तो अपराध ठरेल का?

ही भीती मला घरची आहे. माझी ताई सात महिने अंथरुणाला खिळून होती आणि मग गेली. त्या काळाबद्दल कुणी विचारलं की मी सांगायचे, त्या वर्षी मी एकदाही हसले नाही. मला ते मनापासून खरं वाटायचं, आणि खरं सांगते, त्यात थोडी निष्ठाही वाटायची. सहा वर्षांनी कपाट आवरताना तिच्या आजारपणाची वही सापडली. वेळ, ताप, औषध, किती पाणी प्यायली, असे रकाने आखलेली. उघडायची हिंमत होत नव्हती, तरी उघडली. एका पानावर ‘सकाळी ७ – १००.४’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी समासात, माझ्याच अक्षरात, ‘कबूतर काड्या आणतंय.’ चार-पाच पानं उलटली तर ‘एक अंडं’. मग ‘दोन’. मग बरेच दिवस नुसता ताप. आणि मग: ‘एक पिल्लू. ताईला उठवून बसवून दाखवलं. म्हणाली, शी, किती कुरूप गं! दोघी हसलो, तिला ठसका लागला.’

मी जमिनीवर बसून ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. खिडकीच्या कोनाड्यातलं ते घरटं मी साफ विसरले होते. ताईचं ‘शी’ विसरले होते. ते तसं म्हणायची तिची एक लकब होती, लहानपणापासूनची, नाक वर ओढून. माझ्या निष्ठेने तिचं दुखणं सांभाळून ठेवलं आणि तिचं हसणं गहाळ केलं. तेव्हापासून मला वाटतं, माझं हसणं नाकारताना मी तिचंही नाकारत होते. ते तर माझं नव्हतंच.

तुमच्या बाबतीतही हेच बघा. करंगळीची रात्र तुमच्या एकटीच्या मालकीची नाही. बाबांनी मुद्दाम हात पुढे धरून ठेवला होता. त्या रात्री त्यांना तुमच्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते मिळालं. त्या आनंदाला तुम्ही अपराध ठरवलंत, तर आजारपणातून बाबांनी वाचवलेली तेवढी घटकाही हातची जाईल.

हे फक्त तुमचं-माझं नाही. सुझन फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या जोडीदारांच्या मुलाखती घेत होत्या. रात्रंदिवस शुश्रूषा करणारी ही माणसं. प्रश्न सगळे ताणाबद्दलचे होते. थोड्याच काळात ही माणसंच तक्रार करू लागली: आमच्या दिवसातल्या चांगल्या गोष्टींबद्दल तुम्ही का विचारत नाही? मग तो प्रश्न घातला गेला आणि जवळजवळ प्रत्येकाकडे उत्तर निघालं. गोष्टी साध्याच, कुणाचा आलेला फोन, रुग्णाने केलेलं कौतुक. त्यांचं दुःख यामुळे घटलं नव्हतं, दोन्ही एकाच दिवसात होती. फोकमन यांना हे इतकं महत्त्वाचं वाटलं की ताणाविषयीच्या आपल्या सिद्धान्तात त्यांना भर घालावी लागली.

शोकाबद्दलही १९९९ साली मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी असंच काहीसं मांडलं. माणूस गमावलेल्याकडे ओढला जातो, मग रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा तिकडे जातो. ही ये-जा चालणं म्हणजेच शोक नीट चालणं. तुम्ही अधूनमधून जगण्याकडे आलात तर बाबांकडे पाठ फिरवली असं होत नाही. अजून दोन महिनेही झालेले नाहीत. तुमची ये-जा आत्ता बहुतेक एकाच बाजूला असणार, आणि तसंच असायला हवं.

मग शोधायचं कसं? ‘वर्षातले आनंद’ अशी यादी करायला बसू नका. १९९१ साली मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना, आपण ठामपणे वागलो असे सहा प्रसंग लिहायला सांगितले, काहींना बारा. बारावाल्यांनी जास्त प्रसंग लिहूनही स्वतःला कमी ठाम ठरवलं. आठवताना दमछाक झाली, आणि त्या दमछाकीवरूनच त्यांनी ठरवलं की आपल्यात हा गुण फारसा नसावा. तुम्ही महिन्याला एक असे बारा आनंद शोधायला बसलात तर चौथ्यापाशी अडाल आणि ‘म्हणजे नव्हतेच’ असा निकाल देऊन मोकळ्या व्हाल. तीन पुरेत. एक तर तुमच्या पत्रातच आहे.

बाकीचे डोक्यात शोधू नका, डोकं आत्ता दमलेलं आहे. बाहेर शोधा. फोनमधले फोटो तारखेने उघडा आणि मुद्दाम काढलेले नकोत, चुकून निघालेले बघा: अर्धवट, हललेले, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढताना कडेला आलेला कुणाचा तरी हात. बहिणीशी झालेले संदेश वाचा. बाबांच्या औषधांच्या हिशेबाची वही असेल, ती असेलच, तिचे समास बघा. एका वेळी एकच महिना घ्या, आणि नोव्हेंबर सगळ्यात शेवटी. घ्यायचाच नसेल तर घेऊ नका. काही सापडलं की त्याला आनंद आहे का असं विचारू नका. विचारा: मी कुठे बसले होते? उजेड कसा होता? आधी कोण बोललं? हातात काय होतं? एवढं लिहून काढा, चार-पाच ओळी. प्रसंग नेमका झाला की त्यातलं जे असेल ते आपोआप वर येईल. कधी सुख येईल, कधी रडू, पुष्कळदा दोन्ही.

एक शब्द मात्र टाळा: ‘म्हणून’. ‘नोकरी गेली म्हणून बाबांजवळ राहता आलं, बरंच झालं.’ लोक तुम्हाला हे ऐकवतील, ऐकवलंही असेल. सोळा वर्षांची नोकरी जाणं हा तोटा आहे आणि तो तोटाच राहू द्या. त्याचा संताप अजून बाकी असेल तर तोही खरा आहे. त्यानंतरच्या दुपारी या वेगळ्या आहेत. त्या तुम्हाला मिळाल्या, तुम्ही त्या वापरल्यात, पण त्यांनी त्या तोट्याची भरपाई करायची नाही. आनंदाला असं कामाला जुंपलं की तो खोटा वाटायला लागतो आणि मग आपण त्याला हाकलून देतो. त्याने काही शिकवायलाही नको.

त्या दुपारींतलीच एक तुमच्या भाच्याकडे आहे. सगळ्यांनी सांगितलेल्या आनंदांपैकी तुमच्या पत्रात नोंदवण्याजोगा तुम्हाला त्याचाच वाटला, आणि त्या आनंदात तुम्ही होता. त्याला सीटच्या मागून धरून कोण धावलं? हात केव्हा सोडला? सोडल्यावर तो लगेच पडला की थोडं अंतर गेला? त्याला विचारा. मुलांना असलं बारीकसारीक पुष्कळदा छान आठवतं. तो सांगेल तेव्हा मधे दुरुस्ती करू नका, त्याच्या नजरेतून ऐका. मला वाटतं, तुमची दुसरी गोष्ट तिथे मिळेल. तिसरीची घाई नाही.

धाकट्या बहिणीशीही बोला. समजावून सांगण्याची गरज नाही. ‘त्या दिवशी आठवलं नाही, आता एक आठवलंय,’ एवढं म्हणून करंगळीचं सांगा. सगळ्यांसमोर नको, दोघीच असताना. बाबा तिचेही होते आणि ती रात्र तिने पाहिलेली नाही. तिच्याजवळही एखादी अशी असेल, जी भरल्या घरात सांगता आली नसेल.

आता काळजीपोटी एक विचारते. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसभर उदासच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असं मनात येऊन जात असेल, तर हे शोधणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो शेवटचा विचार येत असेल तर आजच, आणि घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन. शोक आणि नैराश्य वरून सारखीच दिसतात, आपल्याला स्वतःची ती वेगळी ओळखू येत नाहीत. बाबांसाठी तुम्ही पाच महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या केल्यात. स्वतःसाठी एक करा.

आज मात्र एकच काम करा. एक कागद घ्या आणि त्या रात्रीपाशी परत जा. ‘असो’ लिहायचं नाही. तुम्ही नेलकटर कुठे ठेवला होता, बाबा कसे बसले होते, त्यांचा आवाज चिडका होता की खट्याळ, ती करंगळी उजव्या हाताची होती की डाव्या, आणि मग तुम्ही काय केलंत.